तळ्यातली काळी पाठ

दहा. मासे

मासे सगळ्यात शेवटी सोडायचे. पाणी भरून पंधरा दिवस थांबायचं, मग माशांची पिशवी तासभर पाण्यावर तरंगत ठेवायची, मग तिचं तोंड उघडायचं. मी लोकांच्या परसात तळी बांधून देते. काम झालं की गिऱ्हाइकाला सगळा क्रम कागदावर लिहून देते, एक ते दहा. या घरी तो कागद मला खालून वर वाचावा लागला.

फोन मावशींचा होता. "तळेबाई, तळ्यात पाठ वर आलीय."

"कुणाची पाठ?"

"ते तुम्ही येऊन सांगा."

मी गेले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. तळं बारा फूट लांब, आठ फूट रुंद, मध्ये कमरेइतकं खोल. आठ महिन्यांपूर्वी मीच बांधलेलं. त्याच्या मधोमध काहीतरी काळं, गुळगुळीत पाण्याबाहेर आलं होतं. म्हैस डुंबत बसावी आणि तिचं डोकं, शिंगं काहीच दिसू नये, नुसती पाठ दिसावी, तसं. मासे तिच्याभोवती फिरत होते. सगळे एकाच दिशेने.

मी काठीने दाबून पाहिलं. मऊ लागलं. काठी काढली तशी पाठ हळूहळू पुन्हा फुगली.

"सकाळी नसते," मावशी म्हणाल्या. "ऊन चढलं की वर येते, उतरलं की खाली जाते. श्वास घेतल्यासारखी. आज चौथा दिवस. जावयांना दाखवली, तर ते खिडकी लावून बसले."

मावशी म्हणजे या घरच्या सुनेच्या आई. तळ्यासाठी मला बोलावलं होतं ते सुनेनेच, आणि काम अर्धं असतानाच ती घर सोडून गेली. आईच्या फोनवर तेवढा निरोप आला: मी जातेय. मला फोन करू नकोस, शोधू नकोस. पोलिसांनी निरोप वाचला, बाई सज्ञान आहे म्हणाले, आणि विषय तिथेच संपला. त्याच्या आदल्या आठवड्यात तिने आईला विचारलं होतं, चार दिवस तुझ्याकडे येऊ का? मावशी म्हणाल्या होत्या, भांडून येणार असशील तर माझ्या दारात येऊ नकोस.

म्हणून मावशी स्वतःचं घर बंद करून इथे, जावयाच्या घरी येऊन राहिल्या होत्या.

"माझ्या दारात ती येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तळं बघायला येईल. आली की विचारायचंय, एका वाक्यावर एवढं रागवायचं असतं का गं?"

मी जाळीने मासे काढले आणि टबात सोडले. टबात गेल्यावरसुद्धा ते गोलच फिरत राहिले.

नऊ. झाडं

कमळाच्या कुंड्या पाण्यातल्या पायरीवर ठेवायच्या, मधोमध नाही.

कुंड्या उचलता उचलता मी हिशेब मांडला. तळ्याचं रबरी कापड खालून वर उचललं जातं त्याची कारणं दोनच. एक, जमिनीतलं पाणी. दोन, कापडाखाली काहीतरी कुजतंय आणि त्याचा गॅस साठलाय. पहिलं असेल तर मी जागा चुकीची निवडली. दुसरं असेल तर खड्डा नीट साफ केला नाही. म्हणजे कुठूनही बघा, चूक माझीच. एकही मूळ राहिलं तरी ते कुजून कापड वर येतं, हे मी काम सुरू करायच्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सुनेला आणि तिच्या नवऱ्याला समजावून सांगितलं होतं. मुळं वेचायला दोन दिवस जास्त लागतील म्हटल्यावर त्यांनी कारण विचारलं होतं, म्हणून. नणंद तेव्हा वरच्या खोलीत होती. तिला तळंच नको होतं.

तळ्याच्या काठाशी पहार ठोकून मी हातभर खोल भोक पाडलं. कोरडी ठणठणीत काळी माती. या परसात कमरेइतकं खणलं तरी काळीच माती लागते, दुसरा रंग मी पाहिलेला नाही. पाणी नव्हतं. पहिलं कारण बाद.

"काय बाई, म्हैस पाळलीत की काय तळ्यात?"

कुंपणावरून शेजारचे कोंबडीवाले काका वाकून बघत होते.

"रोज बघताय तुम्ही. तुम्हीच सांगा काय आहे ते."

"मी बघत नाही हो. कोंबड्यांना दाणे टाकायला येतो, तेव्हा दिसतं." मग कुंड्यांकडे बोट दाखवून, "पण झाडांना माझं खत लागू पडलेलं दिसतंय."

"कसलं खत?"

"घ्या! कसलं म्हणे. खुराड्यातलं, पेंढ्यासकट, दोन पोती. खड्डा उघडा होता तेव्हा तुम्हीच मागितलंत ना? कुंपणाला चिठ्ठी अडकवली होती, तळ्याच्या झाडांसाठी दोन पोती ठेवा. मी ठेवली, दुपारपर्यंत पोती गायब. आभार मानायची पद्धत नाही वाटतं तुमच्या धंद्यात."

"काका, मी तळ्याला खत घालत नाही. पाणी हिरवं होतं. आणि चिठ्ठी मी लिहिली नाही."

"मग तुमच्या मजुराने लिहिली असेल. अक्षर काय, कोंबडी चिखलातून पाय ओढत गेल्यासारखं. माझ्या कोंबड्यासुद्धा जरा वळणदार चालतात."

खड्डा उघडा होता ते तीन दिवस माझे दोन्ही मजूर दुसऱ्या गावी कामावर होते.

आठ. पाणी

पाणी भरायला एक रात्र लागते. काढायला दोन तास.

पंप सुरू केला. पाणी उतरत गेलं तशी पाठ मोठी होत गेली. आधी म्हशीएवढी होती, मग तिच्या दोन्ही बाजू दिसायला लागल्या आणि ती म्हशीसारखी दिसेनाशी झाली. लांबट होती. एका टोकाला जरा रुंद.

डॉक्टर मागच्या दारात येऊन उभे राहिले. मावशींचे जावई, दातांचे डॉक्टर. मनगट चोळत होते, उजवं.

"हात बरा झाला ना?" मी विचारलं. खड्डा खणला त्या दिवसांत त्यांच्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होतं.

"झाला. सहा आठवडे डाव्या हाताने जेवलो." मग म्हणाले, "किती वेळ लागेल?"

"पाण्याला आणखी तासभर."

"पाण्याला नाही. सगळ्याला. अगदी खालपर्यंत."

"खालपर्यंत जायची गरज आहे का, ते आधी बघू."

"जा," ते म्हणाले.

मी बावीस वर्षं हे काम करतेय. झालेलं काम उकरायचं म्हटलं की गिऱ्हाईक वाद घालतं. हे एवढं सोडून सगळं करा म्हणतं. या माणसाने वाद घातला नाही. पाण्यातून वर येणाऱ्या त्या काळ्या लांबट आकाराकडे ते बघत राहिले आणि मग अगदी साध्या आवाजात, उशिरा आलेल्या प्लंबरला म्हणावं तसं, म्हणाले:

"मला वाटलं होतं, तुम्ही याच्या आधीच याल."

सात. दगड

काठाचे दगड कापडाची कड झाकण्यासाठी असतात.

आता मला माझी एक लबाडी सांगावी लागेल. मी खड्ड्याचं माप दोरीने घेते. या काठापासून खाली, तळावरून, समोरच्या काठापर्यंत वर. दोरी जेवढी, तेवढंच कापड, अधिक काठासाठी वीतभर. बावीस वर्षांत माझं कापड कधी कमी पडलं नाही की जास्त झालं नाही. या एका घरी जास्त झालं. चारही बाजूंनी चार-चार बोटं. त्या दिवशी मी कुणालाच काही बोलले नाही. वय झालं, माप चुकलं, असं मनात म्हणाले आणि ती जास्तीची चार बोटं मुडपून दगडांखाली दडवली.

आता दगड उचलले तर ती घडी तशीच होती.

दुसरी दोरी आणून मी खड्डा पुन्हा मोजला, लांबी, रुंदी आणि खोली वेगवेगळी. माझं माप बरोबर होतं; लांबी-रुंदी तीच, खोली तेवढी कमी. मोजल्यानंतर खड्डा उथळ झाला होता.

सहा. कापड

जिन्यावरून पावलं वाजली. अंगणातून एक लोखंडी जिना वर जातो, वर एकच खोली, ती नणंदेची. डॉक्टरांची धाकटी बहीण, पस्तिशीची. घरात सगळे तिला छोटी म्हणतात.

"झालं का पुन्हा सुरू?" ती शेवटच्या पायरीवर थांबली. "हवाच आहे ना ती? मग टोचा सुईने, सोडा आणि बुजवा भोक. एवढा पसारा कशाला?"

"टोचलं तर पुन्हा भरेल. खाली काय आहे ते काढावं लागेल."

"काही नसणार खाली. आणि काढलंत तर निदान झाकून ठेवा. मागच्या वेळी तुमच्या त्या पिवळ्या मातीने माझा जिना भरला होता. आठ दिवस घासत होते. पायऱ्यांच्या फटींतून जाता जात नव्हती."

"माफ करा. मजुरांना सांगायला हवं होतं."

"सांगून कोण ऐकतं?"

"वाळू कुणी पसरली होती हो? मी कापड घेऊन आले तेव्हा ती आधीच पसरलेली होती. मला बरं वाटलं होतं, एक काम वाचलं म्हणून."

"दादाने. एका हाताने, दाताळं घेऊन. मी म्हटलं, दे मी करते, तर हात लावू दिला नाही. माझ्यावर ओरडलासुद्धा." तिने भावाकडे पाहिलं. ते दारात तसेच उभे होते. "दादा कधी ओरडत नाही माझ्यावर. हो ना रे?"

डॉक्टर मनगट चोळत राहिले.

मी कापडाची कड धरली आणि मागे ओढली. पाठीतून एक लांब सुस्कारा बाहेर पडला. तोंडावर रुमाल बांधलेला होता तरी मी दोन पावलं मागे आले. मावशी आल्या नाहीत. त्या काठाशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या, तिथेच बसून राहिल्या.

पाठ खाली बसली. नुसतं कापड उरलं.

पाच. वाळू

वाळू दोन बोटं जाड. कापडाला खडे टोचू नयेत म्हणून.

हाताने वाळू बाजूला केली तसा पेंढा लागला. काळा पडलेला, चिकट, मध्येमध्ये कोंबडीची पिसं. काकांची दोन पोती इथे होती.

म्हणजे माझ्याकडून मूळ राहिलं नव्हतं. कुणीतरी मुद्दाम कुजवत ठेवलं होतं. तळ्याचा नाश करायचा असेल तर कापडाला ब्लेड लावणं सोपं. पेंढा पुरणारा माणूस वेगळा. त्याला घाई नव्हती. त्याला माहीत होतं की महिने जातील, एक दिवस पाठ वर येईल, आणि ती आली की तळेबाईला बोलावण्याशिवाय इलाज राहणार नाही.

हे माहीत असलेली माणसं दोन. त्या दिवशी टेबलाशी बसलेली.

मी गुडघ्यांवर बसून पेंढ्याची कड शोधत गेले. सगळ्या तळाला पसरलेला नव्हता. बाजूला कुठेच नव्हता. फक्त मधोमध होता. कड सापडत गेली तशी मी तिच्यावर वाळूने खूण करत गेले आणि उभी राहून पाहिलं.

सहा फूट लांब. दोन फूट रुंद.

मावशीही उभ्या राहिल्या होत्या.

चार. तीन दिवस

खड्डा खणून झाला की तो तीन दिवस ताडपत्रीखाली तसाच ठेवायचा. माती बसते, पाणी झिरपत असेल तर कळतं. ही माझी पद्धत आहे, इतर कुणी एवढं थांबत नाही. त्या तीन दिवसांत मी साइटवर फिरकत नाही.

पहिला दिवस. सुनेचा मला फोन. खड्ड्यात बेडूक पडलाय, काढू का राहू दे? मी म्हटलं, काढा. ती म्हणाली, राहू दे की, पहिला भाडेकरू आहे.

दुसरा दिवस.

तिसरा दिवस. कुंपणावर चिठ्ठी, दोन पोती. दुपारी चार वाजता मावशींच्या फोनवर निरोप. संध्याकाळपर्यंत वाळू पसरलेली.

दुसऱ्या दिवसाबद्दल मला काहीच माहीत नव्हतं.

तीन. दोरी

तळ चार बोटं वर आला होता. कडेपासून कडेपर्यंत, सगळीकडे सारखा. खणलेली सगळी माती मी पहिल्याच संध्याकाळी गाडीने हलवली होती, परसात ढीग नव्हताच. मग तळावर ही माती आली कुठून?

तळातूनच. कुणीतरी खड्ड्यात खड्डा खणला आणि पुन्हा भरला. खणलेली माती फुगते, परत भरली की थोडी उरते. ती उरलेली माती सगळ्या तळावर पसरून, तुडवून सारखी केली. पण नुसत्या फुगण्याने एवढी उरत नाही. एवढी उरते, तेव्हा मातीची जागा आत दुसऱ्या कशाने तरी घेतलेली असते.

मी दोरी गुंडाळली.

दोन. खड्डा

"डॉक्टर, पोलिसांना फोन करा," मी म्हटलं. "याच्यापुढे मी खणणार नाही. पण एकदा वरची माती बघून घेते."

खुरप्याने मी पेंढ्याशेजारचा तळ खरवडला. चार बोटं माती निघाली. त्याखाली माझा जुना तळ होता, काळा, माझ्या मजुरांच्या फावड्यांच्या खुणांसकट. वरची चार बोटं पिवळी होती.

मी ढेकूळ हातात घेऊन वर आले. काठावर मावशी, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर छोटी, दारात डॉक्टर.

"ही माती मी आज पहिल्यांदा बघतेय," मी छोटीला म्हटलं. "कमरेइतकी खणली तेव्हा काळीच लागली. मजुरांच्या पायांना काळीच माती होती. पिवळी त्याच्याही खाली आहे. आणि तुमच्या जिन्यावर पिवळी होती. तो जिना फक्त तुमच्या खोलीत जातो."

"वाऱ्याने उडाली असेल."

"उडालेली माती आठ दिवस घासावी लागत नाही. फटींत बसली होती. तुम्हीच म्हणालात."

"दादा, हिला आधी बाहेर काढ." तिचा आवाज चिरकला. "काय वाट्टेल ते बोलतेय. मला का विचारतेय? तुला का नाही विचारत?"

"त्यांनी खणलं नाही," मी म्हटलं. "कोपरापर्यंत प्लास्टर होतं. त्या हाताने पहार धरता येत नाही. पण दाताळं ओढता येतं डाव्या हाताने. पोतं फरफटत आणता येतं. आणि चिठ्ठी लिहिता येते, अक्षर वाकडं आलं तरी. मुळं कुजली की काय होतं, हे मी या घरात दोघांनाच सांगितलं होतं. एक हे. दुसरी..." मी पेंढ्याकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं.

डॉक्टर दारातून चालत आले आणि काठावर, चिखलातच, बसले. चांगली पँट होती.

"छोटे, बस," ते म्हणाले.

"मी नाही बसणार."

"बस गं."

ती बसली. लहान मुलगी बसते तशी, डॉक्टरांच्या शेजारी, गुडघे पोटाशी घेऊन. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आईवडील गेले तेव्हा ही सात वर्षांची होती," डॉक्टर कुणाकडेच न बघता म्हणाले. "हिच्या वेण्या मी घातल्यात. हिला पोलिसांच्या हाती मी कसं देणार? आणि माझी बायको इथे खाली आहे, वर आम्ही चहा पितोय, हेसुद्धा रोज कसं बघणार? मला काही ठरवता येईना. म्हणून पेंढा घातला. म्हटलं, मी नको ठरवायला. कुणीतरी येईल आणि उघडेल. आठ महिने रोज दुपारी तळ्यावर नजर ठेवून होतो. पाठ वर आली तशी खिडकी लावून घेतली."

"मी ढकललं नाही," छोटी म्हणाली. "ती म्हणाली, तळं झालं की आम्ही दोघं वेगळे राहणार, दादापण तयार आहे. मी तिचा हात धरला. तिने हिसडा दिला. मागे दाराच्या पायरीचा दगड होता, डोकं त्यावर आपटलं. दादा, मी धरलं होतं तिला, ढकललं नव्हतं."

"मग यांना का नाही बोलावलंत?" मी विचारलं. "घरातच डॉक्टर आहेत."

दादाने तिच्या डोक्यावर ठेवलेला हात काढून घेतला. ते पाहून ती पहिल्यांदा रडली.

मावशी एक पाऊल पुढे आल्या.

"कधी झालं हे?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी," डॉक्टर म्हणाले. "संध्याकाळी, सहाच्या सुमाराला. मला तिसऱ्या दिवशी सकाळी कळलं."

"दुसऱ्या दिवशी सहाला." मावशींनी बोटांवर काहीतरी मोजलं. "निरोप मला तिसऱ्या दिवशी चारला आला."

छोटीने गुडघे आणखी जवळ ओढले.

"म्हणजे तो तिने लिहिला नव्हता."

"नाही," छोटी म्हणाली. "मी लिहिला. तुम्ही शोधायला येऊ नये म्हणून."

मावशी खुर्चीत बसल्या. मला वाटलं, त्या कोसळतील. पण चेहऱ्यावर जे आलं त्याला मला अजून नाव देता आलेलं नाही. फार वर्षांचं ओझं एका खांद्यावरून दुसऱ्यावर घ्यावं, आणि मधल्या क्षणी दोन्ही खांदे मोकळे असावेत, तसं काहीतरी.

"माझ्यावर रागावून गेली नव्हती ती," त्या म्हणाल्या.

एक. जागा

जागा निवडताना दोन गोष्टी बघायच्या. ऊन किती येतं, आणि माणूस कुठे बसून बघणार आहे.

डॉक्टरांनी फोन केला. पोलीस यायला अर्धा तास होता. भाऊबहीण स्वयंपाकघरात टेबलाच्या दोन टोकांना बसले होते, मध्ये दिवा न लावलेली खोली. मी दारात उभी होते, कुणी कुठे जाऊ नये म्हणून, पण कुणी जाणार नव्हतं.

मावशींनी मला हाक मारली.

"तळेबाई, किती खाली असेल?"

"माझ्या अंदाजाने आणखी तीन फूट."

"एवढा उन्हाळा चाललाय. तिथे तापतं का हो?"

मी त्यांना खोटं सांगितलं असतं, पण हे मला खरंच माहीत होतं. "नाही. तेवढ्या खाली ऊन पोहोचत नाही. थंडीही पोहोचत नाही. बारा महिने सारखंच असतं."

त्यांनी मान हलवली. एखाद्या दुकानदाराचा भाव पटावा तशी.

"या जागेवर तिने बोट ठेवलं ना?"

"हो. मी दुसरी सुचवली होती, आंब्याच्या सावलीतली. त्या म्हणाल्या, इथून रस्त्याचं फाटक दिसतं. कुणी आलं तर आधी कळेल."

"कोण येणार होतं?"

"ते नाही सांगितलं."

मावशींनी खुर्ची उचलली, काठाच्या अगदी टोकाशी नेऊन ठेवली आणि पदर सारखा केला.

"तुम्ही जरा तिकडे व्हा," त्या म्हणाल्या. "मला तिच्याशी बोलायचंय."

मी फाटकापाशी जाऊन उभी राहिले. शब्द ऐकू येत नव्हते, आवाज तेवढा येत होता. चढा, रोजचा, घरातला आवाज. उशीर करून आलेल्या मुलीला ताट वाढता वाढता कुणी रागवावं, तसा.

पोलिसांची गाडी कोपऱ्यावर दिसली. मी हात वर करून तिला तिथेच थांबवलं.